आक्काच्या प्लेटा

आक्का सांगून कधी येत नसत. त्यांच्या दुकानातून प्लेट नेली, की महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या दुपारी त्या त्या घराच्या दारात उभ्या राहायच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, इरकली लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला आणि काखेत कापडी पिशवी. घरातली बाई ‘या, बसा’ म्हणायच्या आधीच त्यांचा प्रश्न यायचा, "पोरगी कुठं ठिवलीया?"

पोरगी म्हणजे प्लेट. ग्रामोफोनच्या तबकडीला आमच्याकडं सगळे प्लेटच म्हणत. आक्का ती मागून घेत, उजेडाकडं धरून तिरकी करून बघत, बोटानं धूळ लागते का पाहत आणि शेवटी सुयांची डबी मागत. एकच सुई घासून घासून वापरली असेल तर ती रेघांवर दिसते, ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सगळं ठीक असलं तर चहा घेऊन निघायच्या. नसलं तरी चहा घ्यायच्या, पण प्लेट पिशवीत घालून.

जळकोटला एका पाटलांच्या घरी त्यांना आपली प्लेट लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेली सापडली. मी बरोबर होतो. आक्कांनी ती उचलली, पदरानं पुसली, घेतलेले पैसे ओसरीच्या कडेला ठेवले आणि पाटलांना म्हणाल्या, "तुमाला नांदवायला जमंना. आमी माघारी निऊन ऱ्हायलो."

पाटलांनी पुढं माणूस पाठवला, मग मुलाला पाठवलं. आक्का दाद देईनात. शेवटी पाटलीणबाई स्वतः गाडी जुंपून नळदुर्गला आल्या, तेव्हा कुठं प्लेट परत गेली.

मी त्यांच्याकडं आलो तो पेटी दुरुस्त करायला. आमची नाटक कंपनी तुळजापुरात फुटली. नट एका वाटेनं गेले, पडदे दुसऱ्या वाटेनं. माझ्याजवळ पेटी राहिली, तिचाही एक सूर मुका झालेला. कुणीतरी म्हणालं, नळदुर्गला घड्याळाच्या दुकानात एक बाई आहे, ती काहीही उघडते आणि पुन्हा बसवते. दुकान नवऱ्याचं होतं. नवरा वारल्यावर दिरानं ते विकायला काढलं, तर आक्का कुलूप उघडून गल्ल्यावर जाऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत. दुकानात घड्याळं, शिवणयंत्राचे भाग, बॅटऱ्या आणि एका बाजूला ग्रामोफोन न् प्लेटा असं सगळं होतं.

आक्कांनी पेटीचं झाकण काढलं, मुकी पट्टी नखानं खरवडली, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "वाजवा." मी नाटकातलं एक पद वाजवलं. त्यांनी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"आता आमच्या हितलं कायतरी वाजवा."

मला इथलं काही येत नव्हतं. त्यांनी पेटी माझ्याकडं सरकवली. "मंग शिका. मागं खोली मोकळी हाय."

मी पुढची दहा-बारा वर्षं त्या खोलीत काढली.

‘आमच्या हितलं’ हा त्यांचा जुना सल होता. खेड्यातली माणसं हौसेनं बाजा, म्हणजे ग्रामोफोन, घ्यायची आणि विचारायची, येडाईचं गाणं हाय का, गोंधळ हाय का, जात्यावरचं हाय का. यातलं काहीच नसायचं. पुण्या-मुंबईची नाट्यपदं, हिंदी गाणी आणि कीर्तनं तेवढी मिळायची. आक्कांनी सोलापूरच्या एका मोठ्या कंपनीच्या एजंटाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्या मुलखातलं कोण ऐकणार, बाई?"

"आमी ऐकतो की," आक्का म्हणाल्या.

एवढ्यावरून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. मुंबईत एक लहान कारखाना होता, तो दुसऱ्यांच्या नावानंही प्लेटा काढून द्यायचा. गाणारी माणसं घेऊन जायचं, तिथं मेणाच्या तबकडीवर गाणं उतरवायचं आणि मग त्याच्या साच्यातून प्लेटा पाडून घ्यायच्या. नाव काय ठेवायचं, असं तिथल्या कारकुनानं विचारलं तेव्हा आक्कांनी गावच्या नदीचं नाव सांगितलं. बोरी.

"बोरी? म्हणजे गोणपाटाची?"

"व्हय. लई मावतं तिच्यात," आक्का म्हणाल्या आणि कागदावर बोट ठेवून त्याला तसंच लिहायला लावलं. प्लेटच्या मधल्या हळदी रंगाच्या कागदावर ‘बोरी रेकॉर्ड’ मराठीत, उर्दूत आणि कानडीत छापलं जाई. तीन लिप्या त्या एवढ्याशा गोलात मावेनात म्हणून सोलापूरचा छापखानेवाला कुरकुर करायचा. आक्का त्याला सांगायच्या, "आमच्या बाजारात मावतात, तुमच्या कागदावर का मावंनात?"

पहिली प्लेट येरमाळ्याच्या एका आराधणीची. येडाई देवीची परडी घेऊन फिरणारी, उन्हानं काळवंडलेली, पन्नाशीची बाई होती. आवाज असा की देवळाच्या पायथ्याशी सुरू केलं तर डोंगरावरची माणसं वळून बघत. तिनं साफ नकार दिला. देवीचं गाणं डब्यात कोंडायचं नाही, कुणीही कुठंही बसून लावणार, पायात वहाणा घालून ऐकणार. आक्का तिच्या झोपडीत चार दिवस राहिल्या. तिच्याबरोबर जोगवा मागत फिरल्या. चौथ्या दिवशी आराधीण म्हणाली, "वहाणा घालून कोन ऐकणार न्हाय, ह्याची जोखीम तुमी घेता का?"

"घेते," आक्का म्हणाल्या.

लोकांच्या घरी जाऊन प्लेट कशी नांदते ते बघण्याचा नाद त्यांना लागला तो या शब्दापायी. येरमाळ्याची प्लेट विकताना त्या गिऱ्हाइकाला आधी वहाणा काढायला लावत, मग दोन्ही बाजू पूर्ण ऐकवत आणि मगच हातात देत. दोन्ही बाजू ऐकायला ज्याला सवड नसेल त्यानं दुसरं दुकान बघावं. नळदुर्गात दुसरं दुकान नव्हतं.

खरी अडचण वेळेची होती. प्लेटच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. आराधणीचं एक गाणं अर्धा-पाऊण तास सहज चाले आणि घड्याळ तिला कळत नव्हतं. मी पेटीवरून खुणा केल्या, टाळी वाजवून बघितली. ती एकदा लागली की डोळे मिटायची. मग आक्कांनी तिला चुलीपुढं बसवलं. "एक भाकरी कर. थापायला घेतलीस की गाणं धर. भाकरी फुगली की सोड."

महिनाभर आमच्याकडं रोज ढीगभर भाकरी होत. शेजारच्या घरांना पुरत, गाईला पुरत, मला तर भाकरीचा वास आला की ते गाणं ऐकू यायचं. पण गाणं नेमकं बसलं. मुंबईत मायक्रोफोनपुढं ती उभी राहिली, तिथं चूल नव्हती, पीठ नव्हतं. लाल दिवा लागला आणि तिनं डोळे मिटून हवेतच भाकरी थापायला घेतली. तळवे फिरवले, परतल्यासारखं केलं, निखाऱ्याशी लावल्यासारखं केलं. काचेपलीकडचा यंत्रावरचा माणूस तोंडात रुमाल धरून बसला होता. गाणं संपलं तेव्हा मेणावर अगदी बोटभर जागा उरली होती. तो म्हणाला, आणखी एकदा घेऊ. आक्का म्हणाल्या, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. आक्कांचं साकु आलं की विषय संपला, हे मला माहीत होतं. त्यालाही लवकरच कळलं.

प्लेटा विकायच्या कुठं? तर जत्रेत. तुळजापूर, येरमाळा, तेर. आम्ही बैलगाडीतून बाजा घेऊन जायचो. सोलापूरहून प्लेटा आणताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे. तिथले कारकून प्रत्येक खोकं उघडत. हळूहळू त्यांनाही गाणी पाठ झाली आणि नवं काय आहे ते लावून दाखवा, मग जा, असं ते म्हणू लागले. आक्का तिथंही त्यांना दोन्ही बाजू ऐकायला लावत. मागं गाड्यांची रांग लागायची.

मग जर्मनीशी लढाई सुरू झाली. प्लेट लाखेची बनते आणि सगळी लाख लढाईच्या कामाला जाऊ लागली. मुंबईच्या कारखान्यानं सांगितलं, जुन्या प्लेटा आणा, त्या दळून नव्या पाडून देऊ, नाहीतर थांबा. त्या वेळी आमचं एक मोठं काम अडलं होतं. आमच्या गावची पिंजारीण, आक्का तिला बूबू म्हणायच्या, ढोलकीवर लग्नातली दखनी गाणी म्हणायची. नवरा कापूस पिंजायचा, ही गाद्या शिवायची. हळदीचं तिचं एक गाणं असं होतं की नवरीची आई रडता रडता हसायला लागे. त्याचं मेण तयार होतं, साचा तयार होता, पण लाख नव्हती.

आक्कांच्या घरात एक सागवानी कपाट होतं. त्यात त्यांच्या नवऱ्याच्या प्लेटा. ख्यालाच्या, नाट्यपदांच्या. नवऱ्यानं एकेक करून जमवलेल्या. दर सोमवारी पूजा झाली की आक्का त्या मलमलीनं पुसायच्या आणि एक लावायच्या. त्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि मला म्हणाल्या, "मास्तर, गवत आणा. बांधायला लागंल."

"आक्का, थांबू या की. लढाई काय जन्मभर चालणार आहे?"

"बूबूचा आवाज तरी जन्मभर ऱ्हानार हाय का? मालकांनी ह्या पोटभर ऐकल्या. ज्यांनी घेतल्या त्ये ऐकून गेले. आता हिला जागा द्यायची."

पुढं आठवडाभर त्यांनी दुकान अर्ध्या दिवसानं बंद केलं आणि एकेक प्लेट शेवटची लावली. दोन्ही बाजू. ऐकताना त्या बाज्याकडं पाठ करून बसायच्या. कुणी आत आलं तर मी हातानं थांबवायचो. झालेली प्लेट त्या स्वतः गवतात गुंडाळायच्या.

नाक्यावर कारकुनानं विचारलं, "गोण्यांत काय आहे?"

"मालक हायेत आमचे," आक्का म्हणाल्या.

तो दचकून उभाच राहिला. मी पुढं होऊन समजावलं. त्यानं गोणी उघडली नाही.

बूबूची प्लेट आली आणि हातोहात गेली. मराठ्यांची हळद असो, लिंगायतांची असो की मुसलमानांची मेंदी, मांडवात बाजा ठेवून ती लावायचीच. बोल दखनी होते, मधे मधे मराठी. कुणाला काही खटकलं नाही. बूबू रस्त्यानं निघाली की पोरी तिच्या मागून ती ओळ म्हणत जायच्या आणि ती खोटं खोटं रागवायची.

रझाकारांचे दिवस आले. एके सकाळी गावचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, दोन जवान घेऊन दुकानात आले. कुणीतरी चुगली केली होती की इथं सरकारविरुद्धची गाणी विकतात.

"सब प्लेटां निकालो," ते म्हणाले.

"निकालती. लेकिन दोनो बाजू सुनना पडता साब. एक बाजू सुनके उठने का नहीं."

मला वाटलं, आता संपलं. अमीनसाहेब खुर्ची ओढून बसले. सकाळची दुपार झाली. जवान भिंतीला टेकून डुलक्या घेऊ लागले. येरमाळ्याची प्लेट लावताना वहाणा काढा असं आक्कांनी सांगितलं तेव्हा अमीनसाहेबांनी त्यांच्याकडं एकदा रोखून बघितलं आणि बूट काढले. मग बूबूची प्लेट लागली. ती संपल्यावर अमीनसाहेबांनी ती उचलून हातात धरली. म्हणाले, "हमारी अम्मा गाती थी ये. बीदर में." ते प्लेट मागू लागले.

"घर में बाजा है क्या?"

"नहीं."

"फिर नहीं मिलता साब. पडके रहेगी बिचारी."

अमीनसाहेब हसले. तेव्हापासून मधूनच एखाद्या दुपारी ते येत, बूट काढून बसत आणि तेवढी एक प्लेट ऐकून जात. दुसरी बाजूही.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सोलापूरच्या रस्त्यानं फौज आली ती आमच्याच गावावरून. ती पुढं हैदराबादकडं गेली आणि तिच्या मागं जे झालं ते सांगायला मला आजही जड जातं. रझाकारांनी केलेल्याचा राग होता, पण तो निघाला ज्यांचा त्यात हात नव्हता अशा मुसलमानांवर. बूबू, तिचा नवरा आणि दोन पोरी पहाटेच आमच्या मागच्या दारानं आल्या होत्या. आक्कांनी त्यांना माझ्या खोलीत, प्लेटांच्या खोक्यांमागं बसवलं आणि रोजच्या वेळेला दुकान उघडलं.

ऊन चढल्यावर माणसं आली. काही परगावची, काही अगदी ओळखीची. हातात कुऱ्हाडी, काठ्या. पुढं होता तो म्हणाला, "आक्का, पिंजाऱ्याला भायर काढा."

"हितं न्हाय कोन."

"हितंच आलाय. आमी आत बघतो."

आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत, पण आवाज चढवलाही नाही. "माणूस न्हाय. तिच्या प्लेटा हायेत. त्या पायजेत का?"

कुणीतरी मागून म्हणालं, "आणा. त्याबी फोडू."

आक्का माझ्याकडं वळल्या आणि हलक्या आवाजात कानडीत म्हणाल्या, "हिंद होग्री." मागं जा. मग खोलीतून पहिलं खोकं त्यांनी स्वतः उचलून आणलं. "घ्या. पर रस्त्यावर फोडा. दुकानात कचरा करू नगा."

मी बूबूला आणि तिच्या माणसांना मागच्या दारानं काढलं. नदीच्या उतारावर बाभळी आहेत, त्यातून वाकून चालत होतो. वरून प्लेटा फुटल्याचा आवाज येत होता. मधेच थांबायचा, तेव्हा आमचे पाय थांबायचे. मग आक्का आणखी एक खोकं आणत असाव्यात, कारण पुन्हा सुरू व्हायचा. बूबूच्या प्लेटा दोन खोकी होत्या. आवाज त्याच्या कितीतरी पुढं चालला. माणसांना वाचता येत नव्हतं. आक्का हाताला येईल ते खोकं देत होत्या. गोंधळ्यांचं, जात्यावरचं, कानडी वचनांचं आणि येरमाळ्याचंही. बूबू एकदाच म्हणाली, "आक्का सब दे रही क्या?"

नदीपलीकडं आक्कांनी पहाटेच बोलावून ठेवलेला त्यांच्या माहेरचा गाडीवान होता. त्यानं चौघांना कडब्याखाली घातलं. मी गाडीवर बसलो. सोलापूरला बूबूच्या दिराकडं त्यांना पोचवून मी परत आलो तेव्हा आक्का रस्त्यावर बसून तुकडे वेचत होत्या.

"पोचली?"

"पोचली."

त्यांनी मान हलवली आणि वेचत राहिल्या. "फोडून फोडून दमले बघा," त्या म्हणाल्या. "शेवटाला पाणी मागितलं. दिलं म्या." एक मूठ तुकडे गोणीत टाकून म्हणाल्या, "येरमाळ्याला जाऊन सांगायला पायजे."

त्या गेल्याही. आराधणीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिनं आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं. आक्का तिला उठवत राहिल्या.

तुकडे गोण्यांत भरून मुंबईला गेले. गावातल्या बायकांनी पोरांनी पळवलेले तुकडे आणून दिले. त्यात ज्यांचे नवरे त्या दिवशी रस्त्यावर होते अशाही काही होत्या. त्या दारात ठेवून तशाच वळत. आक्का आतून म्हणायच्या, "चहा घिऊन जा की." एखादी थांबायची.

बूबू नळदुर्गला परत आली नाही. सोलापूरला गाद्या शिवू लागली. आक्का दर पंधरवड्याला तिच्याकडं जायच्या आणि गाण्याचा विषय न काढता तिच्याबरोबर कापूस निवडत बसायच्या. वर्ष गेलं. एक दिवस बूबूच म्हणाली, "आक्का, मैं गाती. लेकिन मेरे पीछे बोलने वालियाँ कहाँ रहीं अब?" लग्नाच्या गाण्यात एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असतं. तिच्या सोबतिणी कुणी हैदराबादला, कुणी कुठं, सगळ्या पांगल्या होत्या.

"म्या हाय की," आक्का म्हणाल्या.

बूबू हसायला लागली. वर्षभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "तुम्हारे को सुर किधर है, आक्का?"

"सूर न्हाय. पर बोल समदे पाठ हायेत."

ते खरं होतं. इतकी वर्षं गाण्यांत काढून आक्कांनी कधी एक ओळ गुणगुणली नव्हती आणि का, ते मला मुंबईत कळलं. सरावातच यंत्रावरच्या माणसानं कानावरचं काढून ठेवलं. अतिशय अदबीनं म्हणाला, "या बाई बाहेर बसल्या तर बरं होईल."

आक्का निघाल्या. बूबूनं ढोलक खाली ठेवली. "तो मैं भी बाहर बैठती."

त्यानं आक्कांना पार मागं, पडद्याशी उभं केलं. लाल दिवा लागला. मी पेटी धरली.

ती प्लेट फारशी खपली नाही. आक्कांनी नंतर काही वर्षं कंपनी चालवली, आणखी माणसं गायली, मग आक्काही गेल्या. माझ्याकडं बाजा अजून आहे, सुया मिळवाव्या लागतात. कुणी आलं की मी ती प्लेट लावतो, दोन्ही बाजू. बूबू हळदीच्या गाण्यात पुढं पुढं जाते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मागून एक जाड, सपाट आवाज उशिरा येऊन पोचतो. शेवटी ढोलक थांबते, पेटी थांबते, बूबू थांबते. आक्का आपली ओळ पुरी म्हणतात आणि मगच थांबतात.